न भरणारी जखम, बदलणारा तीळ : त्वचेचा कर्करोग वेळेवर कसा ओळखावा

पोटातल्या किंवा फुप्फुसातल्या कर्करोगाचा पत्ता लागायला रक्ततपासण्या, सोनोग्राफी, स्कॅन असं बरंच काही लागतं. त्वचेच्या कर्करोगाचं तसं नाही. तो बाहेरच असतो, डोळ्यांना दिसतो, बोटाला लागतो. सुरुवातीलाच सापडला, तर बहुतेक वेळा एका छोट्या शस्त्रक्रियेत कायमचा जातो. तरीही माणसं तो महिनोन्‌महिने अंगावर काढतात, कारण तो सहसा दुखत नाही. दुखत नाही म्हणजे काळजीचं काही नाही, असं आपण धरून चालतो आणि इथेच फसतो.

दुसरा गैरसमज रंगाचा. सावळ्या किंवा काळ्या कातडीला हा आजार होतच नाही, असं पुष्कळांना वाटतं. गोऱ्या कातडीच्या मानाने तो खूप कमी होतो, हे खरं आहे. पण होतो, आणि झाला तर बहुधा उशिरा सापडतो. रुग्णाच्या मनात ती शंकाच आलेली नसते, कधी कधी डॉक्टरांच्याही नाही. शिवाय गडद त्वचेत तो पुष्कळदा अशा जागी निघतो जिथे ऊन फारसं लागतच नाही : तळपायाला, तळहाताला, नखाखाली, जुन्या भाजल्याच्या व्रणात. त्यामुळे ‘उन्हात फिरू नका’ एवढं सांगून भागत नाही. उन्हाचं पुढे सांगणारच आहे. पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचं आहे ते स्वतःची कातडी नीट बघायला शिकणं.

आत काय बिघडतं

त्वचेचा सर्वांत वरचा थर जेमतेम कागदाच्या जाडीचा असतो आणि तो सतत नवा होत राहतो. तळाच्या पेशी विभागतात, नव्या पेशी हळूहळू वर सरकतात, चपट्या होतात आणि काही आठवड्यांत झडून जातात. तळाच्या या ओळीत मधूनमधून रंगपेशी बसलेल्या असतात. त्या मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य बनवून शेजारच्या पेशींना पुरवतात. ते रंगद्रव्य त्या पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखं पसरतं आणि आतल्या डीएनएला उन्हापासून वाचवतं. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. मेलॅनिन किती बनतं आणि कोणत्या प्रकारचं बनतं, एवढाच काय तो फरक.

कर्करोगाचे तीन मुख्य प्रकार याच पेशींवरून पडतात. तळाच्या पेशींशी नातं सांगणारा तो बेसल सेल कार्सिनोमा, वरच्या चपट्या पेशींचा तो स्क्वॅमस सेल कार्सिनोमा आणि रंगपेशींचा तो मेलॅनोमा. बेसल सेल संथ असतो. शरीरात दुसरीकडे तो जवळजवळ कधीच जात नाही, पण वर्षानुवर्षं तसाच सोडला तर नाक, पापणी, कान असं जिथे असेल तिथलं आत आत पोखरत जातो. स्क्वॅमस सेल अधिक वेगाने वाढतो आणि काही रुग्णांत लसिका ग्रंथींपर्यंत पोचतो. मेलॅनोमा पहिल्या दोघांपेक्षा कमी आढळतो, पण सर्वांत धोक्याचा तोच. काही मिलिमीटर खोल जायची सवड मिळाली तरी तो यकृत, फुप्फुसं, मेंदू यांच्यापर्यंत जाऊ शकतो.

उन्हाचा यात हात आहे तो त्यातल्या अतिनील किरणांमुळे. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि कातडीला उष्णही लागत नाहीत. त्यांचे तीन गट पाडतात. यूव्हीसी हा सर्वांत घातक गट ओझोनचा थर वरच्यावर शोषून घेतो. यूव्हीबी त्वचेच्या वरच्या थरात काम करतात. कातडी लालबुंद होते, सोलवटते ती मुख्यतः यांच्यामुळे. जमिनीपर्यंत पोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९५ टक्के मात्र यूव्हीए असतात. ते अधिक खोल जातात, सुरकुत्या पाडतात आणि खिडकीच्या साध्या काचेतूनही बऱ्याच प्रमाणात आत येतात.

यूव्हीबी किरण डीएनएवर पडला की त्या लांबलचक साखळीतले शेजारचे दोन दुवे एकमेकांना चिकटतात. पेशीकडे यावर इलाज आहे. बिघडलेला तुकडा ती कापून काढते आणि समोरच्या धाग्यावरून वाचून नवा तुकडा बसवते. ही दुरुस्ती कशी चालते हे उलगडून दाखवल्याबद्दल अझीझ संजार यांना २०१५ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. ती किती मोलाची आहे हे झेरोडर्मा पिगमेंटोसम या दुर्मीळ आनुवंशिक आजारात दिसतं. ही दुरुस्ती ज्यांच्या पेशींना जमत नाही, अशा मुलांना दहा-बारा वर्षांच्या आतच त्वचेचे कर्करोग होऊ लागतात. आपल्या बाकीच्यांच्या पेशी दर उन्हाच्या दिवशी हे काम मुकाट्याने करत असतात. पण एखादी चूक सुटते, मग आणखी एखादी. पेशींच्या वाढीला लगाम घालणारं जनुकच त्यात बिघडलं, तर ती पेशी बेलगाम होते. हे सगळं साठत जायला दशकं लागतात. लहानपणचं ऊन साठीत बाहेर पडतं ते असं.

ऊन हे एकमेव कारण मात्र नव्हे. चिमण्या साफ करणाऱ्या कामगारांना अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग होतो आणि तो काजळीमुळे होतो, हे पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने १७७५ मध्ये नोंदवलं होतं. आर्सेनिक असलेलं पाणी वर्षानुवर्षं पिणाऱ्यांच्या तळहाता-तळपायांवर खरखरीत उंचवटे येतात आणि पुढे त्यांतून कर्करोग होऊ शकतो. अवयवरोपण झालेल्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घ्यावी लागतात. त्यांच्यात स्क्वॅमस सेल कार्सिनोमाचा धोका इतरांच्या कित्येक पट असतो. ज्यांच्या त्वचेत जन्मतःच रंगद्रव्य नसतं त्यांनाही हा धोका फार मोठा. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या हायड्रोक्लोरोथायझाइड या गोळीनेही दीर्घकाळ वापरात तो थोडा वाढतो. (म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका. रक्तदाब मोकाट सोडण्याचा धोका त्याहून मोठा आहे. डॉक्टरांना विचारा.)

बघायचं काय

सर्वांत साधी खूण आधी. जखम, फोड किंवा चीर चार आठवड्यांत भरली नाही, किंवा भरली असं वाटून पुन्हा त्याच जागी फुटली, तर ती दाखवायची. खपली धरते, पडते, थोडं रक्त येतं, पुन्हा खपली धरते, असं चक्र सुरू असेल तर ‘दाढी करताना लागलं असेल’, ‘चष्मा घासतोय’ अशा समजुतीवर विसंबू नका. बेसल सेल कार्सिनोमा नेमका असाच वागतो. तो बहुतेकदा चेहऱ्यावर, नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याशी येतो. मोत्यासारखी चकाकणारी बारीक गाठ, तिच्यावर लालसर केशवाहिन्यांचं जाळं, मध्ये खड्डा आणि कडा किंचित उचललेली, हे त्याचं ठरावीक रूप. गडद त्वचेवर केशवाहिन्या दिसत नाहीत आणि गाठ चकाकत्या काळ्या-तपकिरी रंगाची असते. म्हणून ती तीळ किंवा चामखीळ समजून सोडून दिली जाते.

स्क्वॅमस सेल कार्सिनोमा खरखरीत, टणक असतो. कधी शिंगासारखा कडक उंचवटा, कधी लाल खवलेदार चट्टा, कधी मधोमध उघडी जखम. खालचा ओठ, कानाची पाळी, टक्कल पडलेलं डोकं, हाताची मागची बाजू या उन्हाच्या जागा. यातले काही दाबल्यावर दुखतात. पुष्कळदा त्याच्या आधी काही वर्षं त्या भागावर खरखरीत ठिपके येतात. ते डोळ्यांपेक्षा बोटालाच आधी कळतात, कारण हात फिरवला की सॅंडपेपरसारखे लागतात. या अवस्थेत ते मलमाने घालवता येतात किंवा द्रवरूप नायट्रोजनने गोठवून काढता येतात.

गडद त्वचेच्या माणसांनी मात्र जुन्या व्रणांकडे लक्ष द्यायला हवं. भाजल्याचा जुना डाग, वर्षानुवर्षं वाहणारी पायाची जखम, हाडातून पू येणारी जुनी वाट, अशा जागी कधी कधी वीस-तीस वर्षांनी स्क्वॅमस सेल कार्सिनोमा धरतो. एरवी शांत असलेल्या व्रणाची कडा जाड होऊ लागली, त्यातून मांस वर आल्यासारखं वाटलं, वास किंवा स्राव वाढला, तर नुसतं ड्रेसिंग बदलत बसू नये. त्या कडेचा तुकडा तपासायला लावावा. हे सांगायचं कारण असं की अशा जखमेची घरच्यांना सवय होऊन गेलेली असते. ‘ती काय, कधीपासूनच आहे,’ या वाक्यात कर्करोगाची दोन-तीन वर्षं सहज लपून जातात.

आता मेलॅनोमा. न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी १९८५ साली तीळ पारखण्यासाठी चार खुणा सुचवल्या आणि नंतर पाचवी जोडली गेली. पहिली खूण आकाराची. तिळाच्या मधून रेघ ओढली असं समजा, दोन्ही अर्धे सारखे दिसत नसतील तर संशय घ्यावा. दुसरी कडेची. कडा दातेरी, अस्पष्ट किंवा शाई पसरल्यासारखी असते. तिसरी रंगाची. एकाच डागात तपकिरी, काळा, लाल, निळसर, पांढरट अशा छटा दिसतात. चौथी आकारमानाची. व्यास ६ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे पेन्सिलीच्या मागच्या टोकापेक्षा मोठा असतो. पाचवी, आणि माझ्या मते या सगळ्यांत मोलाची, बदलाची. काही आठवड्यांत-महिन्यांत तो वाढला, उंच झाला, रंग बदलला, खाजू लागला, त्यातून रक्त आलं तर पहिल्या चार खुणा जुळत नसल्या तरी दाखवायचा.

या खुणांनाही मर्यादा आहेत. काही मेलॅनोमा गोल, एकसारखे, लहान असतात. काहींना रंगच नसतो, ते गुलाबी पुळीसारखे दिसतात. गाठीच्या स्वरूपाचा एक प्रकार तर थेट वर उचलला जातो, हाताला घट्ट लागतो आणि आठवड्यागणिक वाढतो. म्हणून आणखी एक सोपी पद्धत डॉक्टर वापरतात. एका माणसाच्या अंगावरचे तीळ साधारण एका घराण्याचे दिसतात. त्या सगळ्यांत जो एकच वेगळा पडतो, तो आधी तपासावा. आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. बहुतेक मेलॅनोमा जुन्या तिळातून निघत नाहीत. साधारण दहापैकी सात कोऱ्या त्वचेवर नव्याने उगवतात. त्यामुळे चाळिशीनंतर नवा तीळ आला तर ‘तीळच तर आहे’ म्हणून पुढे जाऊ नका.

उगाच घाबरून जाऊ नये म्हणून हेही सांगते. वयाबरोबर अंगावर जे काही उगवतं त्यातलं बहुतेक निरुपद्रवी असतं. मानेवरच्या लोंबत्या मऊ चामखिळी, छातीपोटावरचे लाल ठिपके, गालावरचे बारीक काळे उंचवटे, पाठीवर मेणाचा थेंब चिकटवल्यासारखे तपकिरी डाग, यांचा कर्करोगाशी संबंध नाही. पण त्यांतलं कोणतं कोणतं हे घरबसल्या ठरवण्याचा अट्टहासही नको. मोबाइलवर फोटो काढून निदान सांगणाऱ्या ॲपवर तर मुळीच विसंबू नका. ‘सगळं ठीक आहे’ असं ॲपने चुकून सांगितलं, तर त्याची किंमत तुम्हाला मोजावी लागते.

तळपाय आणि नखं

जमैकाचे प्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ साली मेलॅनोमा सापडला. फुटबॉल खेळताना झालेली ती दुखापत आहे असं आधी समजलं गेलं होतं. ११ मे १९८१ रोजी ते गेले तेव्हा वय अवघं ३६ होतं आणि आजार मेंदूपर्यंत पोचला होता. त्यांना झालेला हा प्रकार तळहात, तळपाय आणि नखं इथे होतो. उन्हाशी त्याचा फारसा संबंध नाही. सर्व वर्णांच्या माणसांत तो जवळपास सारख्याच प्रमाणात आढळतो. पण गडद त्वचेच्या लोकांत उन्हाने होणारे मेलॅनोमा मुळात कमी असल्यामुळे, त्यांच्यातल्या मेलॅनोमांत या प्रकाराचाच वाटा मोठा असतो.

तळपायावर तो सपाट, वेड्यावाकड्या कडेचा, तपकिरी-काळा डाग म्हणून सुरू होतो आणि हळूहळू पसरतो. पुढे त्यावर जखम होते. मग त्याला कुरूप, भोवरी, बुरशी किंवा मधुमेहाची जखम समजून महिनोन्‌महिने उपचार होत राहतात. कुरुपावर मलम लावून, ते तासून दोन महिने झाले आणि फरक पडला नाही, तर निदान पुन्हा तपासून घ्या. आपला तळपाय आपण वर्षात किती वेळा उलटा करून बघतो? पायाच्या बोटांच्या बेचक्यात तर कुणी डोकावतच नाही.

नखाचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे भीती आणि दुर्लक्ष दोन्ही जास्त. गडद त्वचेच्या पुष्कळ माणसांच्या नखांवर मुळापासून टोकापर्यंत उभ्या तपकिरी रेघा असतात. अनेक बोटांवर असतील, बारीक आणि एकसारख्या असतील, तर त्या बहुधा स्वाभाविक असतात. काळजी करायची ती एकाच नखावर नव्याने आलेल्या रेघेची, त्यातही अंगठ्याच्या. ३ मिलिमीटरपेक्षा रुंद, दिवसेंदिवस रुंदावणारी, मुळाशी जास्त रुंद आणि टोकाकडे निमुळती, कडा पुसट, आतल्या छटा वेगवेगळ्या, या तिच्या वाईट खुणा. काळेपणा नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर उतरलेला दिसला, तर अजिबात थांबू नये.

मग दारात बोट चेमटून साकळलेलं रक्त कसं ओळखायचं? त्यासाठी काळ हीच तपासणी. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्याने. साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं आणि त्याच्या मागे स्वच्छ नख उगवू लागतं. फोटो काढून ठेवा आणि महिन्याने ताडून बघा. डाग हलला नसेल, मुळाशी अजून काळंच असेल, तर ते रक्त नव्हे असं धरून डॉक्टरांकडे जायचं.

हे सगळं बघायला महिन्यातून एकदा आंघोळीनंतरची दहा मिनिटं पुरतात. चांगला उजेड हवा, एक मोठा आरसा आणि एक हातातला. चेहरा, कानांच्या मागे, ओठ, तोंडाच्या आतली कड, मान, काखा, स्तनांखालची घडी, पाठ, गुप्तांगं, मांड्यांची मागची बाजू आणि तळपाय. केसांत डोकं दिसत नाही, तिथे भांग पाडत पाडत घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. शंका वाटेल त्या डागाशेजारी पट्टी धरून फोटो काढला की पुढच्या महिन्यात ‘वाढलाय की मला वाटतंय?’ हा प्रश्न उरत नाही.

ऊन

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. ज्यांची त्वचा गोरी आहे, उन्हात चटकन लाल होते, त्यांच्यासाठी ऊन टाळणं हा कर्करोग टाळण्याचा सर्वांत मोठा उपाय आहे. जन्मतः रंगद्रव्य नसलेल्यांना आणि अवयवरोपण झालेल्यांनाही तो तितकाच लागू. गडद त्वचेच्या निरोगी माणसात मात्र सनस्क्रीनमुळे कर्करोग किती टळतो याचा पुरावा फार थोडा आहे. त्यांना ऊन भाजतं, डाग आणतं, अकाली सुरकुत्या आणतं, डोळ्यांत मोतीबिंदूला हातभार लावतं. ही कारणं पुरेशी आहेत. पण महागडं मलम परवडत नाही म्हणून कुणी कर्करोगाच्या भीतीने झुरू नये. टोपी, पूर्ण बाह्या आणि सावली यांनी मोठं काम होतं.

उन्हाची तीव्रता उकाड्यावरून ठरवू नका. गार वारा सुटलेल्या दिवशीही अतिनील किरण जोरात असू शकतात. त्यासाठी यूव्ही निर्देशांक असतो आणि मोबाइलच्या हवामानाच्या पानावर तो बहुधा दिसतो. ३ किंवा जास्त असेल तर त्वचा झाकायची, ८ च्या वर गेला तर दुपारची उघड्यावरची कामं शक्यतो पुढेमागे करायची. मोबाइल नसेल तर स्वतःची सावली बघा. ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा ऊन कडक समजायचं. पातळ ढगांतून बरेचसे अतिनील किरण खाली येतात. दर हजार मीटर उंचीला त्यांची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते, आणि ताजं बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतं. हिमालयासारख्या उंच डोंगरांत हनुवटीखाली आणि नाकपुड्यांतही भाजतं ते यामुळे.

कपड्यांत घट्ट विणीचं, गडद रंगाचं कापड जास्त अडवतं. उजेडासमोर धरून आरपार दिसत असेल तर ऊनही आरपार जाईल. पुढे छज्जा असलेली टोपी कान आणि मान उघडी ठेवते. चारी बाजूंनी काठ असलेली बरी.

सनस्क्रीनच्या डबीवरचा एसपीएफ हा आकडा मुख्यतः यूव्हीबी किरणांचा असतो. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के अडवतं, ५० सुमारे ९८ टक्के. म्हणजे आकडा वाढवत नेण्यात फार राम नाही. यूव्हीएसाठी ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ किंवा ‘पीए’च्या पुढच्या अधिकच्या खुणा बघाव्यात. खरी गफलत होते ती मात्रेत. प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर देऊन हा आकडा काढतात आणि आपण त्याच्या निम्म्याहूनही कमी लावतो. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं मलम लागतं, सगळ्या अंगाला सुमारे ३० मिलिलिटर. दर दोन तासांनी आणि घाम किंवा पाण्याने धुतल्यावर पुन्हा लावायचं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना मलमाऐवजी सावली आणि कपडेच बरे.

याचा उपयोग होतो हे ऑस्ट्रेलियाने दाखवून दिलं. त्या देशात १९८१ साली नाचणाऱ्या सीगल पक्ष्याच्या जाहिरातीने लोकांना अंगात शर्ट चढवा, मलम चोपडा, डोक्यावर टोपी घाला असं शिकवायला सुरुवात झाली. नंतर क्वीन्सलँडमधल्या नँबोर या गावी १९९२ ते १९९६ या काळात १,६२१ जणांवर अभ्यास झाला. निम्म्यांना डोकं, मान आणि हातांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, बाकीच्यांना त्यांच्या मर्जीवर सोडलं. रोज लावणाऱ्यांत स्क्वॅमस सेल कार्सिनोमाच्या गाठी सुमारे ४० टक्के कमी निघाल्या. अभ्यास संपल्यानंतर दहा वर्षांनी मोजलं तेव्हा मेलॅनोमा त्यांच्यात ११ आणि दुसऱ्या गटात २२ होते. बेसल सेलमध्ये मात्र ठळक फरक पडला नाही.

कातडी रापवून घेण्याची यंत्रं मात्र सर्वांनीच टाळावीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये त्यांना तंबाखूच्याच पहिल्या वर्गात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात हे सिद्ध झालेल्या गोष्टींत, टाकलं. त्याच वर्षी ब्राझीलने सौंदर्यासाठी त्यांच्या वापरावर बंदी घातली. पुढे ऑस्ट्रेलियानेही व्यावसायिक वापर बंद केला.

दाखवायला गेल्यावर

त्वचारोगतज्ज्ञ आधी डर्मोस्कोप नावाच्या प्रकाशाच्या भिंगातून डाग बघतात. संशय आला तर बायोप्सी करतात. जागा बधिर करून तुकडा किंवा शक्य असेल तर अख्खा डागच काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. ‘सुरी लागली की कर्करोग पसरतो’ ही भीती घराघरांत आहे आणि तिच्यामुळे माणसं दगावतात. बायोप्सीने कर्करोग पसरत नाही. तो पसरतो ते न काढल्याने. उलट खरा धोका तीळ पार्लरमध्ये किंवा कुणाकडून तरी ॲसिडने, लेझरने, दोरा बांधून काढून टाकण्यात आहे. वरचा भाग जातो, मुळं आत राहतात आणि तपासायला काहीच उरत नाही. कुणीही, अगदी डॉक्टरांनी जरी संशयास्पद तीळ काढला, तरी तो तपासणीला पाठवलाच पाहिजे असा आग्रह धरा.

मेलॅनोमात सगळं काही खोलीवर ठरतं. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० साली दाखवून दिलं की गाठ त्वचेत किती मिलिमीटर शिरली आहे यावरून रुग्णाचं भवितव्य सर्वांत चांगलं सांगता येतं. आजही १ मिलिमीटरच्या आतली गाठ खोलीच्या पहिल्या पायरीची धरतात आणि ४ च्या वरची शेवटच्या. अमेरिकेतल्या नोंदींनुसार त्वचेपुरता मर्यादित असताना सापडलेल्या मेलॅनोमात पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ९५ टक्क्यांच्याही वर आहे. दूरच्या अवयवांत पोचल्यावर ते साधारण एक तृतीयांशावर येतं.

तेवढ्यावर आशा सोडायचं मात्र कारण नाही. शरीराच्या प्रतिकारशक्तीचा ब्रेक सोडणारी औषधं २०११ पासून वापरात आली. त्यामागच्या संशोधनासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेलॅनोमा २०१५ मध्ये यकृत आणि मेंदूपर्यंत पोचला होता. तेव्हा ते नव्वदीत होते. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि यांतलंच एक औषध घेऊन ते पुढे नऊ वर्षं जगले, वयाची शंभरी ओलांडून.

डॉक्टरांकडे जाताना नखांचं पॉलिश आणि चेहऱ्याचा मेकअप काढून जा, जुने फोटो सोबत ठेवा, आणि फक्त शंकेचा डाग न दाखवता संपूर्ण अंग, तळपायांसकट, तपासून घ्या. बायोप्सीचा अहवाल हातात आला की तीन गोष्टी विचारा : प्रकार कोणता, कडा स्वच्छ आहेत का, म्हणजे भोवतालच्या काढलेल्या कातडीत रोग उरलेला नाही ना, आणि मेलॅनोमा असेल तर खोली किती मिलिमीटर. अहवालाची प्रत जपून ठेवा. एकदा त्वचेचा कर्करोग झालेल्याला दुसऱ्या जागी नवा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. तेव्हा पुढची तपासणी किती महिन्यांनी हे त्याच भेटीत ठरवून घ्या. मेलॅनोमा निघाला असेल तर आईवडील, भावंडं आणि मुलं यांनाही एकदा तपासून घ्यायला सांगा.